गंजलेली पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायची म्हणजे नेमकं काय करावं लागतं?

ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी कायमची उतरली. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओमध्ये नोंदवली गेली होती. मुंबईत टॅक्सीचं आयुष्य 20 वर्षांचं, त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून ही टॅक्सी इतिहासजमा झाली. त्या आठवड्यात सोशल मीडियावर पद्मिनीच्या फोटोंचा पूर आला होता.

पण टॅक्सीबरोबर सगळ्या पद्मिनी संपल्या नाहीत. घरची गाडी म्हणून घेतलेल्या कित्येक पद्मिनी आजही सोसायटीच्या कोपऱ्यात, वाड्याच्या आवारात, ताडपत्रीखाली उभ्या आहेत. टायर बसलेले, पत्रा गंजलेला. त्यातली एखादी कुणाच्या तरी आजोबांची असते आणि नातवंडांना ती पुन्हा चालवायची असते. रीलमध्ये हे काम 30 सेकंदांत होतं. प्रत्यक्षात त्यात वर्षं जातात. का?

ही गाडी मुळात आली कुठून?

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. मुंबईच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जोडल्या जात, पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. 1964 मध्ये ‘फियाट 1100 डिलाइट’ आली. तीच पुढे ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि 1974 पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. आपल्याकडे लोकांनी तिला शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हटलं.

1089 सीसीचं पेट्रोल इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर, साधी यंत्रणा. पाना-स्क्रूड्रायव्हर हातात असलेल्या माणसाला कळेल अशी ही गाडी. जुन्या गाडीचा नाद लागलेल्या अनेकांची सुरुवात पद्मिनीपासून होते, त्याचं हेही एक कारण आहे.

गंज इतका घातक का?

लोखंड, हवेतला ऑक्सिजन आणि पाणी एकत्र आले की गंज धरतो. मिठामुळे ही क्रिया आणखी वेगाने होते, म्हणून समुद्रकाठच्या गाड्या लवकर सडतात. ॲल्युमिनियमवर तयार होणारा थर आतल्या धातूचं रक्षण करतो. लोखंडाच्या गंजाचं तसं नाही. तो सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो आणि पापुद्रे सुटले की खालचं ताजं लोखंड उघडं पडतं. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. रंगावर फुगवटे दिसतात ते त्यामुळेच. फुगवटा दिसेपर्यंत आतून पत्रा बराच खाल्लेला असतो.

पद्मिनीच्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे. ट्रकसारखी वेगळी चासी आणि त्यावर ठेवलेली बॉडी, अशी तिची रचना नाही. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. तळाचा पत्रा आणि दारांखालच्या पोकळ पट्ट्या गाडीचं वजन पेलतात. त्या सडल्या तर वरून चकचकीत दिसणारी गाडीही धोकादायक ठरते.

पैसे देण्याआधी काय बघायचं?

सगळ्यात आधी कागद. आरसी बुक आहे का, इंजिन आणि चासी नंबर जुळतात का, मालकाचं निधन झालं असेल तर वारसांच्या नावावर गाडी करता येईल का. कागद नसलेली गाडी कितीही सुंदर केली तरी ती आवारातच उभी राहते.

त्यानंतर लोहचुंबक. मऊ कपड्यात गुंडाळलेलं लहान चुंबक बॉडीवरून फिरवायचं. जिथे ते चिकटत नाही, तिथे रंगाखाली पत्रा नसून लांबी भरलेली आहे असं समजायचं. मग गाडीखाली शिरून तळ, चाकांच्या वरचा भाग, दारांच्या खालच्या कडा आणि मागच्या पाट्यांच्या जोडण्या टोकदार हत्याराने टोचून बघायच्या. हत्यार आत गेलं तर तो पत्रा बदलावाच लागणार.

गाडी सुटी कशी करायची?

हौशी माणसाचं काम बहुतेक वेळा इथेच अडतं. उत्साहात आठवड्याभरात गाडी मोकळी होते आणि सहा महिन्यांनी कुठला स्क्रू कुठला, हे कुणालाच आठवत नाही. म्हणून काढण्याआधी प्रत्येक भागाचा फोटो घ्यायचा. नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत भरून त्यावर नाव लिहायचं. वायरींना चिठ्ठ्या बांधायच्या. मोडका भागही फेकायचा नाही, कारण नवा बनवताना नमुना म्हणून तोच लागतो. गंजलेला बोल्ट जोर लावून फिरवला तर तुटतो. त्यावर तेल सोडून एक-दोन दिवस थांबणं कमी कष्टाचं.

पत्र्याचं काम कसं होतं?

गंजावर थेट लांबी आणि रंग मारला तर गाडी काही महिने छान दिसते, पुढच्या पावसाळ्यात फुगवटे परत येतात. खरं काम उलट्या दिशेने चालतं. आधी रंग उतरवायचा, सडलेला पत्रा निरोगी धातू लागेपर्यंत कापायचा आणि त्याच मापाचा नवा पत्रा घडवून वेल्डिंगने जोडायचा. वरवरच्या गंजाला फॉस्फरिक आम्ल असलेलं रसायन चालतं. ते गंजाचं स्थिर थरात रूपांतर करतं. पण भोक पडलेल्या पत्र्याला रसायन वाचवू शकत नाही.

दारांखालची पट्टी कापताना बॉडीला आतून आधार द्यावा लागतो. नाहीतर गाडी मधोमध किंचित वाकते आणि मग दारं कधीच नीट लागत नाहीत. वाळूच्या माऱ्याने रंग झटपट उतरतो, पण मोठा, सपाट पत्रा त्याने पोचटतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून घासताना मास्क हवाच.

हातोडी आणि ठोकळ्यावर पत्र्याला गोलाई देणारा डेंटर या कामात सगळ्यात महत्त्वाचा माणूस. आजच्या गॅरेजमध्ये ठोकर लागलेला भाग काढून बहुतेकदा नवा बसवतात. पद्मिनीला नवा भाग सहजी मिळत नाही. त्यामुळे ही कला येणारा कारागीर सापडला, तर त्याच्या वेळेनुसार आपलं काम ठरवावं लागतं.

इंजिन आणि ब्रेक

वर्षानुवर्षं बंद असलेल्या गाडीला लगेच स्टार्टर मारणं ही मोठी चूक. आत गंजाने पिस्टन धरलेले असू शकतात. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडतात, काही दिवस मुरू देतात आणि मग इंजिन हाताने फिरवून बघतात. टाकीतलं जुनं पेट्रोल चिकट राळेसारखं होतं. त्यासाठी टाकी, पाइप आणि कार्बोरेटर साफ करावे लागतात.

ब्रेकच्या बाबतीत काटकसर नको. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि सिलिंडर आतून गंजतात. रबरं, होज पाइप आणि गरज असेल तिथे सिलिंडर नवीन घालायचे. गाडी सुरू होण्याआधी ती थांबते का, हे बघायचं.

एक नवा प्रश्नही आहे. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. पद्मिनीची रबरं त्यासाठी बनलेली नव्हती. इथेनॉल ओलावा ओढून घेतं आणि जुनं रबर खराब करतं. म्हणून पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घालणं आणि टाकी भरून गाडी महिनोन्‌महिने उभी न ठेवणं बरं.

पार्ट कुठून येणार?

टॅक्सी धावत होत्या तोवर सुट्या भागांना रोजची मागणी होती. आता उरले फक्त हौशी लोक. मुंबईत चोर बाजार आणि कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या दुकानांत फिरणं, दुसरी मोडकी पद्मिनी घेऊन तिचे भाग वापरणं किंवा लेथवर भाग बनवून घेणं, हे मार्ग उरतात. दाराची रबरं, दिव्यांच्या काचा, क्रोमच्या पट्ट्या यांच्या शोधात इंजिनाच्या कामापेक्षा जास्त वेळ जाऊ शकतो.

कायदा काय सांगतो?

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. गाडी 50 वर्षांपेक्षा जुनी असेल आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठे बदल नसतील, तर जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार तिला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळू शकते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये आणि मुदत 10 वर्षं. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. म्हणजे 1974 ची पद्मिनी यात बसू शकते, 1990 ची नाही.

पैसे वसूल होतात का?

बहुतेकदा नाही. पद्मिनी दुर्मीळ परदेशी गाडी नाही. सगळा खर्च आणि मजुरी धरली तर गाडी विकून तो भरून निघणं कठीण. हौसेला मोल नसतं, हे इथे शब्दशः लागू पडतं.

म्हणूनच जाणकार सांगतात, आधी गाडी सुरक्षित करा, मग सुंदर. सीटवरचं मूळ कापड, झिजलेलं स्टिअरिंग, डॅशबोर्डवरचा ओरखडा टिकण्यासारखा असेल तर राहू द्या. नवा रंग कधीही देता येतो. आजोबांच्या हाताने गुळगुळीत झालेली गिअरची मूठ मात्र एकदा बदलली की परत मिळत नाही.