भट्टी विझल्यावरही पंखा का चालतो?

"पंखा काय करतो?" असे वर्गात विचारले, तर बहुतेक मुलांचे उत्तर ठरलेले असते : "हवा गार करतो." आपल्याकडच्या उन्हाळ्यात वाढलेल्या मुलांना दुसरे उत्तर सुचणे कठीणच. पण अमेरिका-कॅनडातील असंख्य घरांत हिवाळ्यात पंखा चालतो तो घर उबदार ठेवण्यासाठी. तो केव्हा सुरू व्हावा आणि केव्हा थांबावा, या साध्या प्रश्नात उष्णतेच्या धड्याचा बराच भाग येऊन जातो.

प्रथम रचना पाहू. अशा घराच्या तळघरात बहुधा नैसर्गिक वायूवर किंवा तेलावर चालणारी भट्टी असते. ज्योत एका पोकळ पोलादी कप्प्यात जळते आणि ज्वलनातून निघालेले वायू धुराड्यावाटे बाहेर जातात. घरातली हवा या कप्प्याच्या बाहेरच्या अंगाने फिरते, तापलेल्या पत्र्याकडून उष्णता घेते आणि पंख्याच्या जोराने पत्र्याच्या नळांतून खोल्याखोल्यांत पोचते. धूर आणि घरातली हवा एकमेकांत मिसळत नाहीत. उष्णता तेवढी पत्र्यातून पार होते.

खोलीतला थर्मोस्टॅट ज्योत पेटवतो आणि विझवतो. जुन्या पद्धतीच्या भट्टीत पंख्याला मात्र वेगळा मालक असतो. गरम हवेच्या वाटेवर द्विधातू पट्टीची एक गुंडाळी बसवलेली असते. आपल्या इस्त्रीत असते तशीच ही पट्टी. तापली की दोन धातू कमी-अधिक प्रसरण पावतात, गुंडाळी पिळली जाते आणि तिला जोडलेली तबकडी फिरते. तबकडीवर तीन काटे असतात : पंखा थांबण्याचा, पंखा सुरू होण्याचा आणि धोक्याच्या मर्यादेचा.

ज्योत पेटताक्षणीच पंखा सुरू केला तर? पत्रा अजून थंड असल्याने खोलीत गार झोत येईल. शिवाय थंड पत्र्यावर ज्वलनातील वाफेचे पाणी होईल, आणि साध्या भट्टीत ते कप्पा आतून गंजवील. उलट फार उशीर केला, तर पत्रा भलताच तापून उष्णता धुराड्यातून वाया जाईल. म्हणून हवा सुमारे 49 अंश सेल्सिअस झाली की पंखा सुरू व्हावा, अशी साधारण योजना असते.

आता थांबण्याची वेळ. गॅस बंद केल्यावर तव्यावर एखादा पापड भाजून घेणारी आजी आपण पाहिलेली असते. ज्योत गेली तरी तव्यातली उष्णता शिल्लक असते, हे तिला ठाऊक असते. भट्टीचा कप्पा हाही एक मोठा तवाच. समजा, त्यात 40 किलो पोलाद आहे आणि पंखा आणखी दीड मिनिट चालल्याने ते 20 अंशांनी जास्त निवते. पोलादाची विशिष्ट उष्णता सुमारे 0.5 किलोज्यूल धरली, तर 40 × 0.5 × 20 म्हणजे 400 किलोज्यूल उष्णता घराला मिळेल. 500 वॅटच्या पंख्याला तेवढ्या वेळात लागतील 45 किलोज्यूल. पंखा लवकर थांबला असता, तर त्या उष्णतेचा बराचसा भाग धुराड्याच्या ओढीबरोबर वर निघून गेला असता. ज्योत दिवसातून अनेकदा पेटते, हे ध्यानात घेतले की काटा थोडा खाली आणण्याचे मोल कळते.

मग पंखा चालूच का ठेवू नये? कारण निवण्याचा वेग तापमानातील फरकावर अवलंबून असतो. फरक घटत जातो तशी मिळकतही घटते. विजेचा खर्च मात्र तेवढाच राहतो. शिवाय आपल्या त्वचेचे तापमान 33 अंशांच्या आसपास असते. त्याहून थंड हवेचा झोत अंगावर आला की गारच वाटतो. म्हणून थांबण्याचा काटा साधारण 32 ते 38 अंशांच्या दरम्यान ठेवतात. सुरू होण्याचा व थांबण्याचा काटा फार जवळ आणला, तर पंखा सारखा चालू-बंद होत राहतो. नव्या भट्ट्यांत हे काम इलेक्ट्रॉनिक पट्टी ठरावीक सेकंद मोजून करते; तत्त्व मात्र तेच.

तिसऱ्या काट्याशी खेळायचे नाही. हवा सुमारे 93 अंशांवर गेली की तो ज्योतच बंद करतो. कप्पा वारंवार अति तापला तर त्याला तडा जाऊ शकतो, आणि त्या तड्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वासहीन विषारी वायू घरात शिरू शकतो. म्हणून असे काम जाणकार कारागिरानेच वीज बंद करून करावे.

वर्गात एक प्रयोग सहज करता येईल. दोन सारख्या भांड्यांत सारखेच गरम पाणी घ्या. एक पंख्यासमोर, दुसरे आडोशाला ठेवा. दर दोन मिनिटांनी तापमान नोंदवून आलेख काढायला सांगा. पंख्यासमोरचे पाणी लवकर निवेल. पण दोन्ही रेषा शेवटी शेवटी आडव्या होत जातील. मग विचारा, "पाण्यातली उष्णता गेली कुठे?" ती खोलीतल्या हवेत गेली, हे मुलांच्या तोंडून आले की पहिल्या प्रश्नाकडे परत यावे. पंखा गारवा निर्माण करत नाही आणि ऊबही नाही. तो उष्णता इथून तिथे नेण्याचा वेग वाढवतो.