क्लचची नळी बदलली, पण आतली हवा काढली काय?



बैलगाडीच्या दिवसांत चाकाची धाव आणि आसाचे वंगण पाहिले की भागत असे. आता हंगामाच्या तोंडावर आपण टायर पाहतो, ट्रॉलीचा हुक पाहतो, इंजिनाचे ऑईल बदलतो. क्लचच्या नळीकडे मात्र ती गळू लागेपर्यंत कुणाचे लक्ष जात नाही. मग घाईघाईने नवी नळी बसते, तेल भरले जाते आणि गाडी रस्त्याला लागते. दुसऱ्या दिवशी तक्रार येते, "नळी नवी कोरी टाकली, तरी पायडल खालीच बसतंय आणि गिअर करकरतोय." अशा वेळी दोष बहुधा नळीचा नसून तिच्यात राहिलेल्या हवेचा असतो. म्हणून या अंकात आम्ही ही हवा काढण्याची रीत देत आहोत.

आपल्या सर्वच गाड्यांना हे लागू नाही. बऱ्याच ट्रॅक्टरांचा क्लच दांड्यांवर चालतो, काही गाड्यांचा तारेवर. परंतु पुष्कळ जीप, टेम्पो, मोटारी व ट्रक यांचा क्लच तेलावर चालतो. पायडल दाबले की वरच्या मास्टर सिलिंडरमधील तेल नळीतून खालच्या स्लेव्ह सिलिंडरकडे ढकलले जाते. तेथील दट्ट्या क्लचचा फोर्क रेटतो आणि क्लच सुटतो. तेल दाबाने आकसत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा खाली पोचतो. हवा मात्र आकसते. नळीत थोडी जरी हवा असली, तरी पायाचा जोर ती दाबण्यातच जातो आणि क्लच अर्धवट सुटतो.

आपल्याला हे नवे नाही. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाने हवा धरली की ते बंद पडते. पाना लावून, फेस जाऊन निव्वळ डिझेल येईपर्यंत आपण थांबतो. क्लचचेही तसेच आहे, मात्र येथे दोन माणसे लागतात.

तयारी

गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद व थंड, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना दगड लावलेले असावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणीही शिरू नये. तेलाची डबी व खालचा निपल फडक्याने स्वच्छ पुसा. कचरा आत गेला, तर रबरी वॉशर खराब होतात.

डबीच्या झाकणावर लिहिलेलेच तेल वापरा. सहसा ते डॉट-३ किंवा डॉट-४ ब्रेक ऑईल असते. इंजिन ऑईल किंवा डिझेल कदापि घालू नका, त्याने रबर फुगते. उघडा राहिलेला जुना डबाही नको. हे तेल हवेतली ओल शोषून घेते. डॉट-३ तेलाचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २०५ अंश सेल्सियस असतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते.

हवा काढण्याची रीत

डबी नव्या तेलाने भरा. निपलवर पारदर्शक प्लास्टिकची नळी चढवा आणि तिचे दुसरे टोक बाटलीतल्या थोड्या तेलात बुडवून ठेवा. आता एकाने पायडलवर बसावे, दुसऱ्याने निपलपाशी.

खालचा सांगेल, "दाबा." वरच्याने पायडल सावकाश तीन-चार वेळा मारून शेवटी दाबून धरावे आणि म्हणावे, "धरलं." मग खालच्याने निपल अर्धा आटा सैल करावा. तेल व बुडबुडे बाहेर येतील, पायडल खाली जाईल. ते खाली असतानाच निपल बंद करावा आणि मगच सांगावे, "सोडा." निपल उघडा असताना पाय उचलला, तर बाहेर गेलेली हवा परत आत येते. सुरुवातीला पायडल वर येत नसेल, तर हाताने उचलावे.

दर चार-पाच वेळा डबीत तेल घाला. डबी रिकामी झाली की सगळे काम पहिल्यापासून करावे लागते. काही गाड्यांत ब्रेक व क्लच यांची डबी एकच असते. तेथे विशेष जपा, नाही तर हवा ब्रेकमध्ये शिरू शकते.

बुडबुडे थांबले आणि पायडल घट्ट लागू लागले, की निपल बेताने आवळा. तेल खुणेपर्यंत भरा. इंजिन चालू करून रिव्हर्स गिअर टाका. तो आवाज न करता पडला पाहिजे. नळीचे दोन्ही सांधे कोरड्या फडक्याने पुसून पाहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पायडल पुन्हा तपासा.

एवढे करूनही पायडल मऊच राहिले, तर सिलिंडरचे वॉशर गेले असतील किंवा नळीच्या उंचवट्याला हवा अडकली असेल. काही गाड्यांत खालचा सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत असतो. अशा वेळी जाणत्या मिस्त्रीलाच बोलवावे.

काढलेले तेल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका. ते रंगावर सांडले तर रंग निघतो, म्हणून लगेच पाण्याने धुवा. डोळ्यांना जपा.

एवढा खटाटोप कशासाठी?

अर्धवट सुटणारा क्लच गिअरबॉक्सचे दाते खातो, हा खर्चाचा भाग झाला. त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. कोल्हार, बाभळेश्वर, राहाता, शिर्डी या रस्त्यावर उसाची वाहने आणि भाविकांच्या गाड्या एकाच वेळी असतात. वजनकाट्याच्या रांगेत तर गाडी हात-दोन हात सरकते, पुन्हा थांबते. क्लच दाबूनही सुटला नाही, तर गिअरमधली गाडी आपोआप पुढे रेटते. त्या रांगेत पुढच्या ट्रॉलीमागे दोर आवळणारा माणूस उभा असतो, तोडणी कामगारांची लेकरे चाकांजवळ फिरत असतात.

आमची विनंती एवढीच, की नळी बदलल्यावर आणखी अर्धा-पाऊण तास द्या आणि घट्ट पायडलाची खात्री झाल्यावरच गाडी रांगेत लावा. वाहन भाड्याचे असले, तरी ऊस आपला आहे. ड्रायव्हरला विचारायला संकोच कसला?