जुना मदरबोर्ड, नवा प्रोसेसर आणि ओव्हरक्लॉकिंग: खरं काय, ऐकीव काय

गेल्या मे महिन्यात इतवाऱ्यातल्या माझ्या टेबलावर एक कॅबिनेट आलं. झाकण काढलं तर आत रुईचा थर. बुऱ्हाणपुरात याचं नवल नाही. खाली पॉवरलूम आणि वर राहणं अशी कितीतरी घरं आमच्याकडे आहेत. मागावरून उडालेली रुई पंख्याच्या वाटेने थेट कूलरच्या पात्यांत जाऊन बसते. मशीन आमच्याच गल्लीतल्या एका मुलाचं, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याचं. बोर्ड २०१७ सालचा, बी३५० चिपसेटचा. त्यावर नवा घेतलेला रायझन ५ ५६००. तो म्हणाला, "काका, सगळे कोअर ४.६ गिगाहर्ट्झला सेट केलेत. पण रेंडरला लावलं की दहा मिनिटांत मशीन रांगायला लागतं. प्रोसेसर खराब निघाला का?"

प्रोसेसर ठणठणीत होता. खराब होती ती ऐकीव माहिती, आणि ती एकट्या त्याच्याकडे नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिला गैरसमज सॉकेटचा: पिना बसल्या म्हणजे प्रोसेसर चालणार. इंटेलच्या एलजीए ११५१ सॉकेटने यात भल्याभल्यांना फसवलं. सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डात आठव्या पिढीचा प्रोसेसर बसतो अगदी सहज, पण चालत नाही. २०१७ साली त्याच नावाच्या सॉकेटसाठी इंटेलने नवे ३०० मालिकेचे बोर्ड आणले. एएमडीच्या एएम४ सॉकेटची गोष्ट वेगळी. रायझन ५००० मालिका नोव्हेंबर २०२० मध्ये आली, तेव्हा एएमडीच्या स्वतःच्या ३०० मालिकेच्या जुन्या बोर्डांना (बी३५० त्यातलाच) तिचा अधिकृत आधार नव्हता. ४०० मालिकेलाही तो मिळणार नाही असं एएमडीने मे २०२० मध्ये सांगितलं होतं. ग्राहक चिडले, आणि त्याच महिन्यात कंपनीला निर्णय फिरवावा लागला. ३०० मालिकेची पाळी यायला २०२२ उजाडलं. म्हणजे आमच्या या मुलाच्या बोर्डावर ५६०० चालतो तो केवळ बायोस अपडेटमुळे. बायोस जुनाच असेल तर पंखे फिरतील, पण पडदा काळाच राहील. लॅमिंग्टन रोडवरून किंवा इंदूरहून वापरलेला बोर्ड आणणाऱ्याने आधी बोर्डाच्या कंपनीची सपोर्ट यादी पाहावी आणि त्यात लिहिलेली बायोस आवृत्ती टिपून घ्यावी. सौदा त्यानंतर.

"बायोसला हात लावू नका, बोर्ड मरतो," असं सांगणारेही भेटतात. भीती निराधार नाही. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड खरोखर निकामी होऊ शकतो. पण त्यावर इलाज यूपीएसचा आहे, अपडेट टाळण्याचा नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांचं काय झालं ते आठवा. त्यांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होतं आणि ते आतून कायमचे झिजत होते, ओव्हरक्लॉक न करताही. त्यावरची दुरुस्ती ऑगस्ट २०२४ पासून आली ती बायोसमधूनच, आणि इंटेलला वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. जुना बायोस धरून बसलेल्याचा प्रोसेसर मात्र झिजतच राहिला.

आता ओव्हरक्लॉकिंगकडे. रायझन जवळपास सगळे अनलॉक्ड असतात हे खरं, पण कुलूप बोर्डाकडेही असतं. ए३२० आणि ए५२० चिपसेटवर प्रोसेसरचा वेग ठरवणारा गुणक वाढवता येत नाही. बी३५०, बी४५०, बी५५० आणि एक्स मालिकेवर येतो. इंटेलकडे नावात के असलेला प्रोसेसर आणि झेड चिपसेट अशी जोडी लागते. रायझन ७ ५८००एक्स३डी तर कुठल्याच बोर्डावर त्या अर्थाने ओव्हरक्लॉक होत नाही, कारण त्याच्यावर चढवलेली कॅश जास्त व्होल्टेज सोसत नाही.

खरी गोम पुढे आहे. बहुतेकांना वाटतं, वेग दहा टक्के वाढवला की उष्णताही दहा टक्के वाढेल. तसं होत नाही. वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीतही. समजा प्रोसेसर ४.२ गिगाहर्ट्झला १.२ व्होल्टवर चालतोय आणि तुम्ही तो ४.६ ला १.३५ व्होल्टवर नेलात. वेग वाढला साडेनऊ टक्के, उष्णता वाढली सुमारे ३८ टक्के. रेंडरमध्ये फार तर मिनिटामागे पाच-सहा सेकंद वाचतात आणि त्यासाठी एवढा ताप.

तो ताप सगळ्यात आधी सोसतो बोर्ड. प्रोसेसरच्या सॉकेटशेजारी करड्या चौकोनी ठोकळ्यांची रांग दिसते, ते चोक. त्यांच्या बाजूला काळ्या चपट्या वड्या, ते मॉस्फेट. पॉवर सप्लायकडून आलेले १२ व्होल्ट हे सगळे मिळून सव्वाच्या आसपास उतरवतात. याला व्हीआरएम म्हणतात. कोअरना ७५ वॅट जात असतील तर १.२ व्होल्टला साठच्या वर अँपियर होतात. घरातला २ किलोवॅटचा गिझर जेमतेम ९ अँपियर ओढतो! वरच्या ओव्हरक्लॉकने हाच आकडा ७७ च्या घरात जातो, आणि मॉस्फेटमधली प्रवाहामुळे होणारी तूट प्रवाहाच्या वर्गाने, म्हणजे जवळपास दीडपट होते. या मुलाच्या बोर्डावर मॉस्फेट उघडेच होते, वर ॲल्युमिनियमचा तुकडाही नाही. मी बोट जवळ नेलं आणि लगेच मागे घेतलं. व्हीआरएम मर्यादेबाहेर तापला की बोर्ड प्रोसेसरला वेग टाकायला लावतो. मुलाला दिसत होतं ते हेच: प्रोसेसरचं तापमान ७० दाखवतंय आणि वेग मात्र निम्म्याच्या खाली. बऱ्याच स्वस्त बोर्डांवर व्हीआरएमचा सेन्सरच नसतो, त्यामुळे खरं दुखणं पडद्यावर उमटत नाही.

त्यात त्याने एक काम मोठ्या हौसेने केलं होतं. सोबत आलेला बसका कूलर काढून उंच टॉवर कूलर लावला होता. मोठा कूलर म्हणजे सगळ्याच गोष्टी थंड, हा समज मला रोज भेटतो. बसका कूलर हवा खाली ढकलतो आणि ती आपसूक व्हीआरएमवरून जाते. टॉवर कूलर हवा आडवी नेतो, लिक्विड कूलर तर पंखेच दूर नेऊन ठेवतो. प्रोसेसर गार झाला, आणि बिचारा व्हीआरएम होती तेवढ्या हवेलाही मुकला.

दुसऱ्या टोकाची भीतीही तितकीच चुकीची: ओव्हरक्लॉक केला की प्रोसेसर लगेच जळतो. आजचे प्रोसेसर ९०-१०० अंशांच्या आसपास स्वतःच वेग उतरवतात आणि त्याही पुढे गेलं तर मशीन बंद करतात. नुकसान होतं ते हळूहळू, जास्त व्होल्टेजने आणि सततच्या उष्णतेने. द्रव असलेल्या जुन्या धाटणीच्या कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांमागे निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. आठ वर्षं वापरलेल्या बोर्डाने त्यातलं बरंच खर्चलेलं असतं. वॉरंटीचंही ऐकून ठेवा: ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान एएमडी भरून देत नाही, बायोसमध्ये तो पर्याय कंपनीनेच दिलेला असला तरी.

शिवाय नवा प्रोसेसर स्वतःच स्वतःला पळवतो, म्हणजे बूस्ट करतो, हे फार जण विसरतात. ५६०० चा मूळ वेग ३.५ आहे, पण वाव मिळाला की तो ४.४ ला जातो. एकाच कोअरचं काम असलं तर तो कोअर उंच, बाकीचे निवांत. वरच्या मॉडेलवर सगळ्या कोअरना हाताने एकच आकडा बांधून दिला, तर एका कोअरच्या कामात कित्येकदा आधीपेक्षाही कमी वेग मिळतो.

मग मी काय केलं? ४.६ चा आकडा काढून बूस्ट प्रोसेसरच्या हाती परत दिला. बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर होता. त्यात उणे १५ ठेवलं, म्हणजे त्याच वेगाला व्होल्टेज थोडं कमी. रॅम ३२०० ची घेतलेली, पण २४०० वर चालत होती. बायोसमधलं रॅमचं एक्सएमपी सेटिंग चालू करून ती तिच्या वेगाला आणली. टॉवर कूलर उतरवून बसका परत चढवला आणि मागच्या बाजूला एक १२० मिलिमीटरचा पंखा दिला. पात्यांमधली रुई ब्रशने आणि ब्लोअरने काढली, तिचा लिंबाएवढा गोळा निघाला. रात्री अर्धा तास रेंडर लावून ठेवला. वेग ४.३ च्या आसपास राहिला, एकदाही कोसळला नाही.

तरी पक्कं मी त्याला सांगितलं नाही. यूट्यूबवरच्या चाचण्या २०-२५ अंशांच्या खोलीत होतात. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४३-४४ असतं, आणि पत्र्याखालची वरच्या मजल्यावरची खोली त्याहून वेगळी नसते. खोलीचे ते वाढीव वीस अंश जसेच्या तसे व्हीआरएमवर चढतात. म्हणून त्याला म्हटलं, "उद्या भर दुपारी दोन वाजता खोलीचा कूलर बंद ठेव, माग चालू असू दे, आणि एक अख्खं लग्न रेंडरला लाव. मग फोन कर."

दुसऱ्या दिवशी चारला फोन आला. लग्न पूर्ण झालं होतं.