मागून आणलेला पंप

गेवराईच्या काळ्या रानात वापसा आला की तिफण सगळ्यांना एकाच आठवड्यात हवी असते. उसनवारीची खरी अडचण तिथेच सुरू होते. बैल आणि श्रमांसाठी जुन्या लोकांनी सावड ठेवली: आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. अवजाराला मात्र अशी पाळी ठरलेली नसते.

सर्वांत जपायचा तो फवारणीचा पंप. त्यात २,४-डी हे तणनाशक वापरून तो नीट न धुता परत केला, आणि मालकाने त्याच पंपाने कपाशी फवारली, तर उरलेल्या अंशानेही पाने आकसतात. मालकाचा अख्खा हंगाम जाऊ शकतो. म्हणून काय मारलं होतं, ते पंप देताना-घेताना सांगायलाच हवं.

अशा देण्या-घेण्याचे नियम १८७२ च्या भारतीय करार कायद्यातही आहेत. माहीत असलेला दोष देणाऱ्याने सांगावा (कलम १५०), सामान्य शहाणा माणूस स्वतःची वस्तू जपतो तितकी ती घेणाऱ्याने जपावी (कलम १५१). फुकट वापरायला दिलेली वस्तू मुदतीआधीही परत मागता येते. पण त्यामुळे घेणाऱ्याचं झालेलं नुकसान त्याला मिळालेल्या फायद्याहून जास्त असेल, तर जितकं जास्त असेल तितकं भरून द्यावं लागतं (कलम १५९). मुदत संपल्यावर तर मागायची वाट न पाहता वस्तू पोचवायची असते.