मॅकवरचा कोड एडिटर: ऐकीव गोष्टी आणि खऱ्या गोष्टी

शनिवार-रविवारी मी काही मुलामुलींना वेबसाइट बनवायला शिकवते. दर खेपेला कुणीतरी नवा मॅक घेऊन येतं, बहुतेकदा हप्त्यांवर घेतलेला. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, यावर कोड लिहायला काय टाकू?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर धाकधूक असते, कारण मित्राने एक सांगितलेलं असतं, चुलतभावाने दुसरंच. आपण चुकीचा एडिटर घेतला तर शिकलेलं सगळं वाया जाईल, असं त्यांना खरंच वाटतं. ही धाकधूक बहुतांशी ऐकीव गोष्टींवर उभी आहे, म्हणून त्यातली एकेक गोष्ट नीट तपासू.

"मॅक आहे म्हणजे एक्सकोड लागणारच." नाही लागत. एक्सकोड हे ॲपलच्या उपकरणांसाठी ॲप बनवणाऱ्यांचं साधन आहे. त्यात एचटीएमएलची फाइल उघडते, पण तेवढ्यासाठी कित्येक जीबी उतरवून घ्यायचं कारण नाही. वेबचं काम करणाऱ्याला त्यातला एक लहान भाग पुरतो, कमांड लाइन टूल्स नावाचा, ज्यात गिट येतं. नव्या मॅकच्या टर्मिनलमध्ये गिटची कमांड पहिल्यांदा दिली की हा भाग बसवू का, असं मॅक स्वतःच विचारतो. पुढे कधी आयफोनच्या सिम्युलेटरवर साइट तपासायची वेळ आली, तर मात्र अख्खं एक्सकोड घ्यावं लागतं.

"टेक्स्टएडिट फुकट आहे, सुरुवातीला तेच पुरे." हा सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्यात नवख्याचे तास जातात. टेक्स्टएडिट मुळात पत्रं, टिपणं लिहिण्यासाठी आहे. ते नवी फाइल रिच टेक्स्टमध्ये सुरू करतं आणि सरळ अवतरणचिन्हं वाकडी करून टाकतं. माझ्या एका विद्यार्थिनीच्या पानाला दोन तास सीएसएस लागत नव्हतं. फाइल जागेवर होती, नाव बरोबर होतं, दिसायला ओळही अचूक होती. मी ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये पाहिलं, तर ब्राउझर जी फाइल मागत होता तिच्या नावाच्या दोन्ही टोकांना टक्क्याच्या चिन्हांची आणि आकड्यांची शेपटं चिकटली होती. कोडच्या दृष्टीने वाकडं अवतरणचिन्ह हे अवतरणचिन्हच नसतं. ब्राउझरने ते फाइलच्या नावाचाच भाग समजून घेतलं होतं. तिने शेवटी फाइल साध्या टेक्स्टमध्ये बदलली होती, पण आधी वाकलेली चिन्हं त्याने सरळ होत नाहीत. कोड एडिटर तुमच्या अक्षरांना असा परस्पर हात लावत नाही, आणि सुरुवात कोड एडिटरपासूनच करायला हे एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

मग बहुतेक जण व्हिज्युअल स्टुडिओ कोडकडे येतात, आणि इथे नावाचा घोळ सुरू होतो. मायक्रोसॉफ्टने 'व्हिज्युअल स्टुडिओ फॉर मॅक' बंद केलं, 31 ऑगस्ट 2024 ला त्याचा आधार संपला. ते वेगळं सॉफ्टवेअर होतं, झामारिन स्टुडिओतून आलेलं, मुख्यतः सी शार्पवाल्यांसाठी. व्हीएस कोडचा त्याच्याशी नावापुरता संबंध. व्हीएस कोड 29 एप्रिल 2015 ला जाहीर झाला तोच विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिघांसाठी एकदम, त्यामुळे मॅकवर तो पाहुणा आहे ही समजूतही खरी नाही.

"तो पूर्ण ओपन सोर्स आहे" हे मात्र अर्धंच खरं. मूळ कोड एमआयटी परवान्याखाली खुला आहे. पण आपण डाउनलोड करतो ते तयार ॲप मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या परवान्याखाली येतं आणि वापराची माहिती परत पाठवतं. ती सेटिंगमधून बंद करता येते. ज्यांना तेही नको त्यांच्यासाठी त्याच मूळ कोडवरून व्हीएसकोडियम बांधलं जातं. मात्र मायक्रोसॉफ्टच्या एक्स्टेंशनच्या दुकानाच्या अटी त्यांच्याच उत्पादनांपुरत्या आहेत, म्हणून व्हीएसकोडियम ओपन व्हीएसएक्स हे दुसरं दुकान वापरतं आणि काही एक्स्टेंशनं तिथे मिळत नाहीत. शिकणाऱ्यांना मी व्हीएस कोडच सुचवते, पण काय घेतोय हे त्यांना माहीत असावं.

"तो इलेक्ट्रॉनवर चालतो, म्हणजे मॅक खाऊन टाकतो." हा गैरसमज सगळ्यात चिवट आहे, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. इलेक्ट्रॉनचं ॲप म्हणजे पोटात क्रोमियम ब्राउझर आणि नोड घेऊन फिरणारं ॲप. रिकामं असतानाही ते साध्या मॅक ॲपपेक्षा जास्त मेमरी घेणारच. पण माझ्यापर्यंत तक्रार येते तेव्हा मी आधी ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडायला सांगते. तिथे 'कोड हेल्पर' नावाच्या बऱ्याच प्रक्रिया दिसतात, आणि फुगलेली बहुधा 'प्लगइन' असं लिहिलेली असते. म्हणजे एक्स्टेंशनं. आठ जीबीच्या एम1 एअरवर एका मुलाने व्हिडिओ बघून बघून चाळीसच्या वर एक्स्टेंशनं बसवली होती, त्यातली तीन एकच काम करत होती. व्हीएस कोडमध्ये 'एक्स्टेंशन बायसेक्ट' नावाची सोय आहे. ती निम्मी एक्स्टेंशनं बंद करून विचारते, त्रास गेला का? मग उरलेल्यांतली निम्मी. चाळीसमधला चोर पाच-सहा प्रश्नांत सापडतो. त्या मुलाचा सापडला, आणि नवा लॅपटॉप घ्यायचा बेत रद्द झाला.

त्याच खिडकीत 'काइंड' हा रकानाही पाहा. एम मालिकेच्या मॅकवर तिथे 'इंटेल' दिसलं, तर तुमचा एडिटर रोझेटामधून, म्हणजे दुभाष्यामार्फत चालतोय. 2021 च्या मार्चपासून व्हीएस कोड ॲपल सिलिकॉनसाठी मिळतो, पण जुन्या मॅकवरून सगळं जसंच्या तसं नव्यावर आणलं की जुनी इंटेलची प्रतही सोबत येते. आणि ॲप डाउनलोड्समध्ये ठेवून तिथूनच चालवू नका, ॲप्लिकेशन्समध्ये हलवा. नाहीतर मॅकची सुरक्षा त्याला फक्त वाचता येणाऱ्या तात्पुरत्या जागेतून चालवते आणि एडिटरला स्वतःचं अपडेट करता येत नाही.

याच्या उलट टोकाची मंडळी म्हणतात, अस्सल मॅकचाच एडिटर घ्यावा. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. बीबीएडिट 1992 पासून मॅकवर आहे आणि प्रचंड मोठी फाइल आजही ज्या सहजतेने उघडतो ती पाहण्यासारखी आहे. 2004 च्या टेक्स्टमेटने मॅकवर कोड लिहिणाऱ्यांची एक पिढी घडवली. पॅनिक कंपनीचा कोडा 2007 चा, त्याचा वारस नोव्हा 2020 चा, दोन्ही देखणे. ॲटम हा जुना एडिटर घडवणाऱ्यांपैकीच काहींनी पुढे रस्टमध्ये लिहिलेला झेड जानेवारी 2024 मध्ये खुला केला आणि तो विलक्षण चपळ आहे. यातला कुठलाही हाताला बसला तर जरूर घ्या. पण पैसे मोजून घेतलेला एडिटर कोड सुधारत नाही. ज्याला फ्लेक्सबॉक्स कळत नाही त्याला तो नोव्हातही कळत नाही.

"आज शिकलेला एडिटर उद्या बंद पडला तर?" पडतात खरे. अडोबीचा ब्रॅकेट्स 2021 मध्ये त्यांनी सोडला. गिटहबचा ॲटम 2015 मध्ये 1.0 झाला आणि 15 डिसेंबर 2022 ला कायमचा कुलूपबंद झाला. त्या वेळी ॲटम वापरणाऱ्यांचं काय गेलं? रंगसंगती, काही एक्स्टेंशनं, आठवडाभराची सवय. प्रोजेक्ट म्हणजे साध्या टेक्स्टच्या फाइलींचा एक फोल्डर, तो कुठल्याही एडिटरमध्ये उघडतो. हातही बरेचसे सोबत येतात: कमांड-पी दाबून फाइल शोधणं सब्लाइम टेक्स्टमध्ये चालतं तसंच व्हीएस कोडमध्ये, आणि एमेट या कोडच्या लघुलिपीत यूएल>एलआय*5 असं लिहून टॅब दाबला की पाच ओळींची यादी तयार होते, ती युक्ती जवळपास सगळीकडे मिळते.

एडिटरची हुशारीसुद्धा आता एडिटरच्या मालकीची राहिलेली नाही. पूर्वी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषा वेगळी शिकवावी लागे. 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल खुला केला, म्हणजे भाषेचं ज्ञान एका स्वतंत्र प्रोग्रॅममध्ये ठेवायचं आणि एडिटरने त्याला ठरलेल्या पद्धतीने विचारायचं: हे फंक्शन कुठे लिहिलंय? इथे पुढे काय येऊ शकतं? झेड, नोव्हा, निओव्हिम हे सगळे ही बोली बोलतात, बीबीएडिटही 2021 च्या आवृत्तीपासून बोलतो. म्हणून पूर्वी एडिटर बदलताना जेवढं मागे राहायचं, तेवढं आता राहत नाही.

शेवटचा गैरसमज निवडीनंतरचा आहे: काही बिघडलं की एडिटरच वाईट. मॅकवर लोगो दिसतो, साइट सर्व्हरवर चढवली की गायब. मुलं एडिटर काढून दुसरा टाकतात, तरी गायबच. कारण मॅकची डिस्क मुळात कॅपिटल-स्मॉल एकच धरते. फाइलचं नाव कॅपिटल एलने सुरू होत असेल आणि कोडमध्ये स्मॉल एल लिहिला असेल, तरी मॅक ती शोधून देतो. लिनक्सचा सर्व्हर देत नाही, त्याला ती दोन वेगळी नावं आहेत. नुसतं फाइंडरमध्ये नाव बदलूनही भागत नाही, कारण मॅकवर गिटसुद्धा हा फरक दुर्लक्षित करतं आणि बदल झालाच नाही असं समजतं. टर्मिनलमध्ये गिटच्याच एमव्ही कमांडने नाव बदला, कमिट करा आणि पुन्हा चढवा. लोगो दिसेल, एडिटर कुठलाही असो.