कॅमेऱ्याचे गंजणे व त्याचा प्रतिबंध

कॅमेऱ्याचे गंजणे : फिल्मवर छायाचित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याच्या धातूच्या भागांचा बाष्प, लवणे, घाम किंवा विद्युत् घटातील रसायने यांच्या क्रियेने होणारा क्षय. अशा बहुतेक कॅमेऱ्यांचे उत्पादन थांबले असल्याने निकामी झालेला भाग दुसऱ्या जुन्या कॅमेऱ्यातूनच काढून घ्यावा लागतो.

कॅमेऱ्याची पेटी बहुधा ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूची असते. जुन्या कॅमेऱ्यांची वरची व खालची झाकणे पुष्कळदा पितळेची असून त्यांवर निकेल वा क्रोमियम यांचा मुलामा असतो. मुलाम्यातील सूक्ष्म छिद्रांतून ओलावा आत शिरला की, पितळेवर हिरवट पुटे येतात. ॲल्युमिनियमावर पांढरी भुकटी जमते. खारट ओलाव्यात हे दोन धातू एकमेकांस चिकटून असल्यास ॲल्युमिनियम अधिक वेगाने झिजते. झाइस इकॉन या जर्मन कंपनीच्या कॅमेऱ्यांवरील चामड्याला येणारे फुगवटे संग्राहकांच्या चांगल्याच परिचयाचे आहेत. चामड्याखालील पितळी रिव्हेटांवर वाढलेल्या हिरव्या पुटांमुळे ते येतात. याउलट, हाताळण्याने मुलामा झिजून उघडे पडलेले कोरडे पितळ हा दोष मानण्याचे कारण नाही.

सर्वांत मोठी हानी विसरून राहिलेल्या घटामुळे होते. अल्कली घटातून गळणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइड तारेच्या आवरणाखालून प्रकाशमापकापर्यंत पोहोचू शकते. हातमोजे घालून, कापसाच्या बोळ्यावर सौम्य व्हिनेगराचे एकदोन थेंब घेऊन संपर्कपट्ट्या पुसतात. नंतर ऊर्ध्वपातित पाण्याने व शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहॉलाने पुसून त्या कोरड्या करतात. व्हिनेगर ॲल्युमिनियमावर राहू देऊ नये. खाण्याचा सोडा वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो अम्लधर्मी कार्बन-जस्त घटांपुरताच योग्य आहे.

पितळेवरील हिरवे पूट लाकडी काडीने खरवडून अल्कोहॉलाने पुसावे. पोलादी लोकर व भांडी घासण्याची पूड यांनी मुलामाच निघून जातो. तेल फवारू नये. ते पसरत जाऊन झडपेच्या पात्यांना चिकटते.

कोकणपट्टीत पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता कित्येकदा ८० टक्क्यांच्या वर जाते. तेथे कॅमेरा चामड्याच्या पिशवीत ठेवणे घातक ठरते. कारण चामडे ओलावा धरून ठेवते. सिलिका जेलासह हवाबंद डब्यात ४० ते ५० टक्के आर्द्रता राखावी. जेल ओलावले की तापवून पुन्हा वापरता येते. समुद्रकिनाऱ्यावरून परतल्यावर पेटी किंचित ओलसर फडक्याने व लगेच कोरड्या फडक्याने पुसावी. कॅमेरा दीर्घकाळ वापरावयाचा नसल्यास घट काढून ठेवावा.