कोपराचा प्रहार : बंदी कशावर हवी?

आपल्याकडे कोपरखळी ही थट्टेची बाब. परंतु मिक्स्ड मार्शल आर्ट्स या खेळात कोपराच्या एका फटक्याने भुवई फाटते. कुस्ती, ठोसे आणि लाथा यांचा मिलाफ असलेल्या या खेळात कोपर चालू द्यावे काय, हा वाद जुना आहे.

कोपराचे टोक म्हणजे मांसाचा आधार नसलेले टणक हाड. भुवईच्या कातडीखालीही हाडच. दोहोंमध्ये सापडलेली कातडी चिरते, रक्त डोळ्यांत उतरते आणि डॉक्टर लढत थांबवतात. विरोधक म्हणतात की, येथे कौशल्याऐवजी कातडीच निकाल लावते. हा आक्षेप वजनदार आहे.

आता नियमांचा इतिहास पाहा. 1993 साली डेन्व्हर येथे यूएफसीची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा नियम नाममात्र होते. पुढे अमेरिकेत एकत्रित नियमावली आली. तिने कोपराला मुभा दिली. मात्र घड्याळाच्या बारावरून सहाकडे यावा तसा सरळ खाली येणारा प्रहार निषिद्ध ठरवला. 2009 साली जॉन जोन्स हा मॅट हॅमिलवर वरचढ असतानाही याच नियमाखाली बाद झाला. तोच घाव तिरपा पडता, तर तो वैध होता! अमेरिकेतील नियामक मंडळांच्या संघटनेने 2024 साली हे कलम काढले. उलट जपानच्या ‘प्राइड’ स्पर्धांत डोक्यावर कोपर मारणे वर्ज्य होते, पण खाली पडलेल्याच्या डोक्यावर लाथ चालत असे.

यावरून काय दिसते? नियम पुष्कळदा इजेकडे न पाहता प्रेक्षकाच्या डोळ्याकडे पाहून घडतात. रक्त दिसते, मेंदूला बसलेला हादरा दिसत नाही. मुष्टियोद्ध्याचा जाड हातमोजा त्याची मूठ वाचवतो, म्हणूनच तो समोरच्याच्या डोक्यावर पुनःपुन्हा ठोसे मारू शकतो. चिरलेली कातडी टाक्यांनी सांधता येते, मेंदूला टाके घालता येत नाहीत.

अर्थात कोपर निर्दोष नाही. त्यानेही मेंदू हादरतो. म्हणून माझे मत असे : मुरलेल्या व्यावसायिकांना कोपराची मुभा असावी, नवशिक्या व हौशी खेळाडूंना नसावी, आणि पंचाने रक्ताच्या थेंबांपेक्षा डोक्यावरचे आघात अधिक काळजीने मोजावेत. नियम खेळाडूच्या उद्यासाठी असतात, आपल्या आजच्या शहाऱ्यासाठी नव्हेत.